बायको, वय एकोणीस

४ जानेवारी १९८३

दप्तरदार साहेब, नमस्कार.

तुमच्या बंदराच्या दप्तरात जुन्या जहाजांच्या प्रवासी याद्या जपून ठेवल्यात आणि तुम्हाला आपली भाषा वाचता येते, असं इथल्या एका खलाशाने सांगितलं. म्हणून ओळखदेख नसताना लिहितेय.

मी छापखान्यात जुळारी आहे. शिशाचे खिळे एकेक करून ओळी जुळवते. वीस वर्षं हेच काम केल्यामुळे मोजकं लिहायची सवय आहे, तसंच लिहिते.

माझे आजोबा १९२१च्या ऑगस्टमध्ये इथून जहाजाने तुमच्याकडे आले. धंदा सुतारकीचा, वय तीस, उजव्या भुवईवर जुना व्रण. त्यांना शोधायचंय, घरची वंशावळ सोबत जोडलीय. प्रेमापोटी नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही उगाच हळवे व्हाल.

त्या वर्षी जूनमध्ये आजीची धाकटी बहीण नाहीशी झाली. आईवडील गेल्यापासून ती आजीकडेच राहायची. नदीकाठी तिच्या चपला आणि शाल सापडली, प्रेत सापडलं नाही. आजोबांनी पोलिसांत जबाब दिला, की दोघी बहिणींचं भांडण झालं आणि बायकोने माझ्या डोळ्यांदेखत तिला पाण्यात ढकललं. जबाबावर सही ठोकून, निकाल लागायच्या आधीच ते जहाजात बसले. ३ सप्टेंबरला आजीला सात वर्षांची सजा झाली. तेव्हा तिला आठवा महिना होता. माझे बाबा तुरुंगात जन्मले.

बाबा गेल्या नोव्हेंबरात गेले. एकसष्ट वर्षांचे होते. त्यांना नेत असताना गल्लीत कोणीतरी म्हणालंच, ‘खुनी बाईचा मुलगा गेला.’ मी ऐकलं. तेव्हाच ठरवलं, की त्या माणसाची माती कुठे पडली ते शोधायचं, आणि मागे कोणी असतील तर त्यांना सांगायचं, तुम्ही कोणाच्या पोटचे आहात ते. त्यांनाही एकदा मान खाली घालून रस्त्याने चालू दे.

मदत कराल का? नाही म्हणालात तरी तसं कळवा. वाट पाहणं आमच्या घरात पुरेसं झालंय.

— जुळारी


२ फेब्रुवारी १९८३

ताई, नमस्कार.

हळवा झालो नाही, पण पत्र वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून वह्या काढल्या, हे खरं. माझेही आजोबा असल्याच एका जहाजातून आले, म्हणून आमच्या घरात ही भाषा टिकली. लिहिताना चुका होतात, सांभाळून घ्या. तुम्ही तर चुका वेचणाऱ्या.

चौतीस वर्षं मी या दप्तरात आहे. याद्या म्हणजे आडव्या मोठ्या वह्या, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि लिहिणारे कारकून एकापेक्षा एक घाईतले. एकाच माणसाचं नाव तीन वह्यांत तीन तऱ्हांनी सापडतं. म्हणून नावामागे न लागता मी व्रण शोधत गेलो. नवव्या दिवशी सापडला.

११ ऑगस्टला तिकडून सुटलेलं जहाज १९ सप्टेंबरला इथे लागलं. जसं आहे तसं उतरवून देतो. ‘सुतार, वय तीस, उजव्या भुवईवर व्रण.’ त्याच्याखाली, ‘बायको, वय एकोणीस, डावी करंगळी अर्धी.’ बायकांची नावं तेव्हा यादीत घेत नसत, ‘बायको’ एवढ्यावर भागायचं.

आता राग मानू नका. घरातल्या गोष्टी पिढीगणिक उलटसुलट होतात. कदाचित तुमच्या आजीही सोबत आल्या असतील आणि मागाहून परतल्या असतील. वय तर सगळेच चुकवून सांगायचे. तुमचे आजोबा परमुलखात एकटे नव्हते, एवढं तरी समाधान माना.

— दप्तरदार


२१ फेब्रुवारी १९८३

काका,

तुमचं पत्र छापखान्याच्या पत्त्यावर आलं. यंत्र चालू असताना उभ्याउभ्या वाचलं आणि हातातला जुळवलेला मजकूर खाली सांडला. सकाळभराचं काम फरशीवर. वीस वर्षांत पहिल्यांदा. मालक बरंच काही बोलले म्हणे.

१९ सप्टेंबरला आजी तुरुंगात सतरंज्या विणत होती. वय सव्वीस. तिची दहाही बोटं धड होती. म्हातारपणी नखं मीच कापायचे तिची.

अर्धी करंगळी तिच्या बहिणीची आहे. ती चार वर्षांची असताना आजीने दार लोटलं आणि फटीत तिचं बोट चिरडलं. हे सांगताना आजी सत्तरीतही रडायची. माझ्याजवळ नुसती आठवण नाही, कागदही आहे. निकालपत्राच्या नकलेत पोलिसांनी बेपत्ता मुलीचं वर्णन दिलंय. वय एकोणीस, अंगाने सडपातळ, डाव्या हाताची करंगळी अर्धी.

आलं ना लक्षात? जिच्या खुनासाठी आजी आत गेली, ती डेकवर वारा खात उभी होती. आजी कोर्टात म्हणाली होती, ‘ती पाण्यात गेलीच नाही.’ त्यावर न्यायाधीशांनी लिहून ठेवलंय, की आरोपी भ्रमिष्टासारखं बोलते.

आजोबांना आता सोडा. मला ती हवी. कुठे राहिली, कधी मेली, मागे कोण आहे, सगळं. तुम्ही मला समाधान मानायला सांगितलंत. ते मानायचं की नाही, ते नंतर बघू.

— जुळारी


३० मार्च १९८३

ताई,

तुमचं म्हणणं खरं आहे. मागच्या पत्रात मी शहाणपणा केला, त्याबद्दल माफी मागतो.

सुतार इथल्या एका फर्निचरच्या कारखान्यात लागला, पुढे त्याने स्वतःचा कारखाना काढला. १९५०च्या मार्चमध्ये तो छातीच्या दुखण्याने गेला, तशी मृत्यूची नोंद आहे. बाईंबद्दल मात्र पुढे काही सापडत नाही.

एक सुचवू? ज्याने खोटा जबाब दिला तो मातीत गेला. जुनी वही एका मर्यादेपलीकडे उघडली की पानंच तुटतात. तुम्ही आता थांबावं.

— दप्तरदार


१९ एप्रिल १९८३

काका,

मी उलटी अक्षरं वाचणारी बाई आहे. खिळे आरशातल्यासारखे उलटे असतात आणि आम्ही ते सरळ वाचतो. तुमचं पत्रही मी तसंच वाचलं.

त्या माणसाच्या मृत्यूचा महिना आणि दुखणं तुम्हाला सापडलं. म्हणजे तुमच्या शहरात मेलेल्याची नोंद होते. बाईची होत नाही, याचा अर्थ बाई मेलेली नाही. एकोणीसात बासष्ट मिळवा, एक्याऐंशी होतात. तुम्ही तिला भेटून आलात ना?

आजी पाच वर्षं आठ महिने भोगून सुटली. सोबत पाच वर्षांचे बाबा. त्यांनी तोवर झाड पाहिलं नव्हतं म्हणे, भिंतीवरून दिसायचा तो फक्त शेंडा. गल्लीतल्या नळावर आजीला सगळ्यांचं भरून झाल्यावर जाता यायचं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिने चौतीस वर्षं चादरी धुतल्या, कारण तिथे कोणी शेजारी बसून बोलायची गरज नसते. बाबांचं लग्न तीनदा ठरून मोडलं. चौथ्यांदा जी आली ती माझी आई, कारण तिच्या मागे विचारपूस करणारं कोणी नव्हतं.

तुम्हीही चौतीस वर्षं म्हणालात. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे कागद राखून शेवटी एक कागद स्वतःच्या खिशात घालणार असाल, तर घाला.

— जुळारी


१५ मे १९८३

ताई,

कागद खिशातून काढतोय.

होय, मी गेलो होतो. खाली कारखाना, रंध्याचा आवाज आणि भुसा. तीन मुलगे तिथेच काम करतात. इथल्या निम्म्या शाळांतली बाकं त्यांच्याकडची. वर जिन्याच्या तोंडाशी त्यांची खोली. दार त्यांनीच उघडलं आणि कडीवरचा हात मला आधी दिसला.

नातवंडं जिन्यावरून वरखाली करत होती, येताजाता त्यांच्या मांडीत डोकं खुपसून जात होती. ताई, खोटं कशाला बोलू, ते घर पाहून माझा धीर सुटला. तरी मी तुमच्या आजींबद्दल विचारलं. त्या बराच वेळ नातवाच्या सदऱ्याचं काज शिवत राहिल्या. मग म्हणाल्या, “ती सुटली का?”

सुटल्या आणि तेरा वर्षांपूर्वी वारल्या, एवढं मला तुमच्या पहिल्या पत्रासोबतच्या वंशावळीवरून ठाऊक होतं, ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, की पत्ता देऊ नका, मुलांना यातलं काही माहीत नाही. मी शब्द दिला. तो आज मोडतोय. तशी चिठ्ठी त्यांनाही पाठवली आहे.

पत्ता मागे लिहिला आहे. एक गोष्ट ध्यानात असू द्या. मुलांना, नातवंडांना आपली भाषा येत नाही. तुम्ही काहीही लिहिलंत तरी त्या घरात ते एकट्या त्याच वाचतील.

— दप्तरदार


६ जून १९८३

मावशीआजी,

बाबांची मावशी म्हणून माझी मावशीआजी. आणि सावत्र आजीही. एका बाईला दोन नाती एकदम लागतात, असं आमच्या घरात तुमच्यामुळेच घडलं.

सोबत तुमच्या मृत्यूचा दाखला पाठवतेय. नगरपालिकेचा शिक्का आहे, तपासून घ्या. आजीने तो मरेपर्यंत डब्यात ठेवला होता, कारण तुमच्या नावाचा तेवढाच कागद तिच्याजवळ होता. निकालपत्राची नक्कलही आहे. तिसरी चिठ्ठी दप्तरदारांनी उतरवून दिलेल्या ओळींची. तिन्ही शेजारीशेजारी ठेवून वाचा.

मला शपथपत्र हवं. तुम्ही जिवंत आहात, तुमच्या बहिणीने तुम्हाला हात लावला नव्हता, चपला आणि शाल काठावर कोणी ठेवल्या आणि का. अधिकाऱ्यासमोर सही करून. आणि सहीच्या आधी हे पत्र तुमच्या मुलांसमोर, सुनांसमोर, त्यांच्या भाषेत वाचलं गेलं पाहिजे. वाचायला दप्तरदार येतील, मी सांगेन त्यांना.

सप्टेंबरअखेरपर्यंत आलं नाही, तर मी छापीन. तुमच्या मुलांच्या भाषेतले खिळे आमच्या छापखान्यात आहेत. ज्या ज्या शाळेत तुमची बाकं आहेत, त्या त्या शाळेत एकेक प्रत जाईल. हा राग उतरेल म्हणून वाट पाहू नका. मला तो वारशात मिळालाय आणि दुसरं काही मिळालेलं नाही.

— तुमच्या बहिणीची नात


११ जुलै १९८३

मुली,

किती वर्षांनी ही अक्षरं गिरवतेय, हात वळत नाही. आशीर्वाद लिहायचा माझा हक्क नाही, म्हणून लिहीत नाही.

चपला आणि शाल मीच ठेवली. मला दिवस गेल्याचा संशय आला होता आणि तिला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. बुडाली म्हटलं की कोणी शोधणार नाही, असं वाटलं. त्यांनी मला बंदराजवळ एका खोलीत ठेवलं. पोलिसांनी त्यांनाच धरून विचारायला सुरुवात केली तेव्हा ते घाबरले आणि तिच्यावर ढकलून आले. येऊन मला सांगितलं. म्हणाले, प्रेत नाही तर सजा नाही, चार दिवसांत सोडतील. मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर ठेवायचा ठरवला. जहाजात पाय ठेवताना मला जबाबाचं माहीत होतं.

दोन वर्षांनी तिकडून आलेल्या एका माणसाने सात वर्षांचं सांगितलं. मी पत्र लिहिलं, ते यांनी फाडलं. इतकी वर्षं मी मनाशी तेच सांगत आले, की यांनी फाडलं. पण १९५०ला हे गेले. त्यानंतर मला कोणी अडवलं नव्हतं.

शपथपत्र देते. सही उद्याच्या उद्या करायला तयार आहे. पण मुलांसमोर वाचायला लावू नकोस. ती मला देवासारखी मानतात. मी मेल्यावर छाप, वाच, वाटेल ते कर. फार दिवस नाहीत माझे.

एक विचारू? ती माझ्याबद्दल काही बोलायची का?

— ती


२ ऑगस्ट १९८३

मावशीआजी,

तुमचं अक्षर बघून दचकले. हुबेहूब आजीचं, तोच मोडलेला काना. तिनेच गिरवून घेतलं होतं ना तुमच्याकडून?

तुम्ही मेल्यावर वाचायचं, असं म्हणता. आजोबा गेल्यावर वीस वर्षं आजी जिवंत होती. बाबा बत्तीस. तेव्हा तुम्ही लिहिलं असतंत तर ते त्यांनी जिवंतपणी वाचलं असतं. म्हणून, नाही. तुम्हीही जिवंतपणीच ऐका, आणि ज्यांच्या नजरेत तुम्ही देव आहात त्यांच्यासमोर ऐका.

शेवटी जे विचारलंत, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. ते मी देणार नाही.

— तुमच्या बहिणीची नात


२६ सप्टेंबर १९८३

ताई,

शपथपत्र सोबत आहे. दोन प्रती, शिक्क्यासकट.

१८ तारखेला, रविवारी सकाळी त्यांनी मला स्वतः बोलावून घेतलं. कारखाना बंद होता. तीन मुलगे, सुना, दोन मोठ्या नाती, सगळी घरातल्याच खुर्च्यांवर ओळीने बसली होती. त्यांना वाटलं, म्हातारी वाटण्या करतेय. थोडी थट्टाही चालली होती.

मी तुमचं ६ जूनचं पत्र त्यांच्या भाषेत वाचायला लागलो. दुसऱ्याच ओळीला मी ‘सावत्र आजी’चं जरा मऊ भाषांतर केलं. बाईंनी काठी आपटली. “जसं लिहिलंय तसं वाचा,” म्हणाल्या. “गोड करू नका.” मग मी जसंच्या तसं वाचलं. मधला मुलगा उठून म्हणाला, आईला त्रास होतोय, बास करा. त्यांनी त्याला खाली बसवलं. नंतर स्वतःचं जुलैचं पत्रही वाचायला लावलं. मूळ पत्र तुमच्याकडे पोचलं होतं, पण त्याची कच्ची प्रत त्यांच्याजवळ होती. ‘जहाजात पाय ठेवताना मला माहीत होतं’ या ओळीवर त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं.

शेवटी थोरला मुलगा बोलला. मोठा राकट माणूस, साठीचा. त्याने एकच विचारलं, “तुरुंगात जन्मला तो माझ्यापेक्षा किती मोठा?”

मी सांगितलं, चार महिन्यांनी.

तो उठला, जिना उतरून खाली कारखान्यात गेला आणि आतून कडी लावून घेतली. तेव्हापासून तो वर गेलेला नाही. धाकटी सून बाईंच्या जेवणाचं ताट त्यांच्या खोलीच्या दाराशी ठेवते आणि निघून जाते. नातवंडांना तिकडे जायची बंदी आहे. ही सगळी माहिती सही घ्यायला गेलो तेव्हा बाईंनीच दिली, तक्रार म्हणून नाही. तुम्हाला कळवा, म्हणाल्या.

तुम्हाला हवं होतं ते झालं. मी तुमच्या बाजूचा आहे, आजही. पण त्या खुर्च्यांसमोर उभा राहून वाचणारा मी होतो, आणि या कामासाठी पुन्हा मला बोलावू नका.

— दप्तरदार


१८ नोव्हेंबर १९८३

मावशीआजी,

हे शेवटचं पत्र.

शपथपत्र मी स्वतः जुळवलं. तीनशे प्रती काढल्या. मालकांनी कागद दिला आणि यंत्रावर स्वतः उभे राहिले. बाबांच्या वर्षदिनी सकाळी मी गल्लीत घरोघर गेले. दाराखालून सरकवल्या नाहीत. प्रत्येक दार वाजवलं आणि हातात दिली, वाचून होईपर्यंत उभी राहिले. नळावर आजीला मागे ढकलणाऱ्यांपैकी एक शिंपीण अजून आहे, नव्वदीची. तिच्या सुनेने तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आम्हाला काय ठाऊक. मी म्हटलं, आता झालं ना ठाऊक? कोर्टातही अर्ज दिला. तिथला कारकून म्हणाला, आरोपी मेलेली, साक्षीदार मेलेला, आता निकाल फिरवायचा कोणासाठी? माझ्यासाठी, म्हटलं. त्याने अर्ज ठेवून घेतला.

तुमच्या शाळांना मी काही पाठवणार नाही. अट तुम्ही पाळलीत, मीही पाळते.

तुमचा थोरला बोलत नाही, ताट दाराशी ठेवतात, हे वाचून मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. माफी तुम्ही मागितली नाहीत, ते चांगलं केलंत. ती देऊ शकणारी माणसं दोनच होती.

ऑगस्टमध्ये मी तुम्हाला एक उत्तर दिलं नव्हतं. ऐकलंत तर तुमचा जीव हलका होईल, अशी भीती होती. आता तसं वाटत नाही, म्हणून लिहिते.

आजी गेली त्याच्या आदल्या दुपारी मी तिचे केस विंचरत होते. मी विचारलं, “आजी, ती खरंच बुडाली नसेल?”

ती म्हणाली, “नाही गं. त्याच्याबरोबर गेली. जहाज सुटलं त्याच आठवड्यात मला कळलं होतं.”

“मग कोर्टात सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तिला पकडून आणली असती,” आजी म्हणाली. “तिला दिवस गेले होते. मी आत, आणि तीही आत, दोन्ही पोरं आतच जन्मली असती. ती तिकडे सुखात असेल तर असू दे. एखादं पत्र टाकेल कधीतरी.”

मी ती जायच्या वेळची बडबड समजले, यादीतली तुमची करंगळी वाचेपर्यंत. पोस्टमन आला की ती दारात जाऊन उभी राहायची. मला वाटायचं, म्हातारीला सवयच आहे.

— तुमच्या बहिणीची नात